जुन्या युनिक्सवर २ जीबीची फाइल-मर्यादा कशी ओलांडावी?

बॅकअप मध्येच थांबतो, पडद्यावर 'फाइल टू लार्ज' असा संदेश येतो आणि डिस्कवर जागा तर भरपूर शिल्लक असते. अशा वेळी लगेच तुकडे पाडायला घेऊ नका. फाइल नेमकी किती बाइटवर थांबली ते आधी 'एलएस -एल' देऊन बघा. बरेचदा कारण त्या आकड्यातच कळतं. (इथल्या सगळ्या कमांड टर्मिनलवर रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.)

आकडा २१४७४८३६४७ असेल तर तुम्ही २ जीबीच्या मर्यादेला धडकला आहात. ३२ बिटच्या जुन्या युनिक्समध्ये फाइलमधलं स्थान ३२ बिटच्या संख्येत ठेवलं जातं. एक बिट चिन्हाला जातो आणि उरलेल्या ३१ बिटांत याहून मोठी संख्या मावत नाही.

आकडा १०७३७४१३१२ असेल तर गोष्ट वेगळी आणि सोपी आहे. एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्समध्ये प्रत्येक युजरला मुळातच ५१२ बाइटच्या २०९७१५१ ब्लॉकची मर्यादा असते, आणि हा त्यांचाच गुणाकार. 'युलिमिट -एफ' दिलं की चालू मर्यादा दिसते. मात्र कॉर्न आणि बॅश या शेलमध्ये (शेल म्हणजे तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) फरक आहे: कॉर्न शेल ती ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये सांगतो आणि बॅश १०२४ बाइटच्या, हे लक्षात ठेवा. रूटकडून (मशीनच्या मुख्य प्रशासकाकडून) त्या युजरची 'एफसाइझ' ही फाइल-आकाराची मर्यादा उणे १, म्हणजे अमर्याद, करून घ्या, पुन्हा लॉगिन करा.

२ जीबीची मर्यादा काढायला मात्र खालपासून वरपर्यंत सगळं जुळावं लागतं. सोलारिस २.६, एचपी-यूएक्स १०.२० आणि लिनक्स २.४ पासून मोठ्या फाइल चालतात. तरी एचपी-यूएक्सवर 'एफएसएडीएम' वापरून फाइल-सिस्टिमवर ती सोय चालू करावी लागते, आणि एआयएक्सच्या जुन्या जेएफएस या फाइल-सिस्टिमवर ती सोय फाइल-सिस्टिम बनवतानाच ठरते. शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमही त्यासाठी कंपाइल केलेला हवा. चालू सर्व्हरवर एवढी उलथापालथ करण्यापेक्षा मोठी फाइल बनूच न देणं मला केव्हाही बरं वाटतं.

त्यासाठी पाइप वापरा, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला द्या. इथे टार फाइलींचा एक गठ्ठा करतो, जीझिप तो दाबून लहान करतो आणि स्प्लिट त्याचे तुकडे पाडतो. पाइपला स्थान नसतं, फक्त प्रवाह असतो, म्हणून ही मर्यादा तिथे लागूच होत नाही:

टार -सीएफ - डेटा | जीझिप | स्प्लिट -बी १०००एम - बॅकअप.

शेवटच्या टिंबानंतर स्प्लिट स्वतःच एए, एबी अशी अक्षरं जोडतो. झेडझेडपर्यंत ६७६ तुकडे होतात, म्हणजे नावं संपण्याची चिंता नको. तुकडा २०४८एम ठेवू नका. ते २१४७४८३६४८ बाइट होतात, मर्यादेपेक्षा बरोबर एक जास्त, आणि पहिलाच तुकडा अडकतो.

डेटाबेसचा एक्सपोर्ट प्रोग्रॅम फाइलचं नावच मागत असेल तर 'एमकेएफआयएफओ'ने नामधारी पाइप बनवा. जीझिप आणि स्प्लिट त्यातून वाचत आधी बॅकग्राउंडला सुरू करा, मग एक्सपोर्टला त्या पाइपचं नाव द्या. प्रोग्रॅम फाइलमध्ये मागे-पुढे उड्या मारत नसेल तरच हे जमतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. साधा शेल पाइपलाइनमधल्या शेवटच्याच कमांडचा निकाल सांगतो. टार अर्ध्यात कोलमडला तरी स्प्लिट निमूटपणे यशस्वी होतो. म्हणून टारचे एरर वेगळ्या फाइलमध्ये घ्या, आणि तुकडे झाल्यावर ही तपासणी कराच:

कॅट बॅकअप.?? | जीझिप -डीसी | टार -टीएफ -

यादी शेवटपर्यंत निघाली तरच पुढे जा. तुकडे एफटीपीने पाठवत असाल तर बायनरी मोड लावा, आणि दोन्ही मशीनवर 'सीकेसम' देऊन प्रत्येक तुकड्याचा पडताळणी-आकडा जुळवा. एक जरी वेगळा निघाला तर तेवढाच तुकडा पुन्हा पाठवा.

डेटा परत काढताना वरच्याच ओळीत 'टी'च्या जागी 'एक्स' लिहा. जुन्या मशीनवर तुकडे जोडून एक मोठी फाइल करायचीच नाही, नाहीतर तीच मर्यादा पुन्हा आडवी येईल. डेटा ४ जीबीहून मोठा असेल आणि तुकडे नव्या मशीनवर जोडले, तर 'जीझिप -एल' मूळ आकार चुकीचा दाखवू शकतो. जीझिप तो आकार ४ बाइटमध्येच साठवतो, त्यामुळे आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. डेटा बिघडलेला नसतो. खात्री करायची तर 'जीझिप -टी' चालवा. मूळ डेटा मात्र दुसरीकडे उघडून बघेपर्यंत पुसू नका.