अथेन्स ते व्हेनिस छोट्या जहाजाने, पुढे फ्लॉरेन्स: निघण्याआधीची तयारी

शे-दोनशे प्रवाशांचं महागडं जहाज घेतलं की जहाजावरची काळजी जवळजवळ मिटते. गडबड होते ती सांध्यांवर: विमानातून उतरून जहाज गाठताना, एका देशाच्या हद्दीतून दुसऱ्यात शिरताना आणि जहाज सोडून पुढच्या शहराकडे निघताना. म्हणून ही यादी कपड्यांपासून सुरू होत नाही.

मार्ग धरूया अथेन्सचं बंदर पिरेयस, नाफ्प्लिओ, डेल्फीसाठी इतेआ, कॉर्फू (इथवर ग्रीस), कोटोर, क्रोएशियातली कोर्चुला आणि ह्वार, आणि व्हेनिस. या वाटेवर छोट्या जहाजाचे पैसे खरोखर वसूल होतात. नाफ्प्लिओहून इतेआला जाताना लागणारा, १८९३ साली खुला झालेला कोरिंथचा कालवा तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद आहे, मोठं जहाज त्यात शिरूच शकत नाही. दरडी कोसळल्यामुळे तो मध्यंतरी बंद होता, तेव्हा तुमच्या तारखांना खुला असणार का, हे बुकिंगआधीच विचारून घ्या. व्हेनिसमध्येही १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांपेक्षा मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. छोट्यांना ती नाही, पण म्हणून ती चौकाशेजारीच लागतात असंही नाही. तिकिटावर नुसतं ‘व्हेनिस’ छापलेलं असतं आणि धक्का असतो मुख्य भूमीवरच्या फुझिनाला किंवा पार दक्षिणेला किओज्जाला. धक्क्याचं नाव लेखी मागा, पुढची ट्रेन त्यावर ठरते.

आता व्हिसा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोटोर माँटेनेग्रोत आहे. तिथे चलन युरोच चालतं, त्यामुळे आपण ‘बाहेर’ गेलो हे लक्षातही येत नाही, पण देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. कॉर्फू सोडून कोटोरला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि क्रोएशियात शिरलात की पुन्हा आत, कारण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणजे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा इथे कुचकामी. अर्जात मल्टिपल एंट्री मागा, सोबत जहाजाचं बंदरवार वेळापत्रक जोडा, आणि पासपोर्ट हातात आला की घरी जायची वाट न बघता तिथेच उभं राहून स्टिकर वाचा: प्रवेशांच्या रकान्यात ०१ आहे, ०२ आहे की मल्ट, आणि मुक्कामाचे दिवस पुरतात का. ०१ दिसला तर पिरेयसच्या धक्क्यावरच तुम्हाला थांबवतील. वैध शेंगेन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टला माँटेनेग्रोचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याच्या महिनाभर आधी एकदा खात्री करा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा दुसरा घोळ. नियम असा की जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे. सारखा असेल तर जिथे आधी शिरता तिथे. अथेन्सच्या दोन रात्री आणि ग्रीक बंदरांच्या तीन, म्हणजे पाच. व्हेनिसची एक आणि फ्लॉरेन्सच्या चार, म्हणजे इटलीच्याही पाच. ही बरोबरी सोडवायचा माझा उपाय म्हणजे फ्लॉरेन्सची एक रात्र वाढवायची. शहर तेवढ्या लायकीचं आहेच, अर्जही सरळ इटलीकडे जातो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत, तेव्हा ‘बघू नंतर’ नको.

विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, ही व्हिसाची अट झाली. आपली अट वेगळी: पॉलिसीत माँटेनेग्रो धरलाय का, आणि जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवायचा खर्च मिळतो का. शंभरपेक्षा कमी माणसं असलेल्या बोटीवर डॉक्टर असलाच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम नाही. सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील तर हे आधी विचारा. काही बंदरांत जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या टेंडर बोटीने किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकताना गुडघ्यांची परीक्षा होते, आणि त्या क्षणी नऊवारी काय, पाचवारीसुद्धा नको. पैठणी रात्रीच्या जेवणाला नेसा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि पोट ढवळायच्या आधी घ्या, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही.

खाऊच्या पिशवीवर जरा कठोर व्हा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, तुपाची बरणी घरीच राहू द्या. हापूसही नाही, ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कढीपत्त्याची जुडी तीच गत. भडंग, चकली, खाकरा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. आणि मॅगीसाठी इलेक्ट्रिक किटली टाकायचा मोह आवरा: आगीच्या भीतीने जहाजांवर किटली आणि इस्त्री केबिनमध्ये चालत नाही, बॅग तपासताना काढून ठेवतात.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ कळवून भागत नाही. मासे नको, मांसाचा रस्सा नको, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, हे ओळीने लिहून महिना-दीड महिना आधी पाठवा. अस्सल पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, तेही चालत नसेल तर तसं लिहा. छोट्या जहाजाचा शेफ मनापासून करून घालतो, पण त्याचं सामान निघायच्या बंदरातच भरलेलं असतं.

पैशांचं थोडक्यात: टूरवर कापला जाणारा टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये वळता होतो, पावती ठेवा. क्रेडिट कार्डावरचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करा. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला चिकटतो आणि बिल बघवत नाही.

विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढा, जाताना अथेन्स, येताना फ्लॉरेन्सहून रोमला जाऊन तिथून. जहाज निघायच्या दोन दिवस आधी पोचा. बॅग मागे राहिली तर ती यायला अवधी मिळतो. जहाज तिच्यासाठी थांबत नाही. अथेन्स विमानतळावरून मेट्रो थेट पिरेयसला जाते, पण बॅगा असतील तर टॅक्सी बरी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. पासपोर्ट, औषधं आणि सकाळचे कपडे वेगळ्या पिशवीत काढलेत ना, हे दार लावण्याआधी बघा. व्हेनिसची स्टेशनं दोन, बेटावरचं सांता लुचिया आणि मुख्य भूमीवरचं मेस्त्रे. धक्का फुझिनाला असेल तर मेस्त्रेच सोयीचं. तिथून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स साधारण दोन तास.

फ्लॉरेन्समध्ये सोमवारी उफित्सी हे चित्रसंग्रहालय आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादेमिया, दोन्ही बंद. तारखा ठरवतानाच हे बघा आणि वेळेची तिकिटं घरूनच काढा. कॅथीड्रलच्या ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. चर्चसाठी खांदे झाकायला ओढणी पुरते. चामड्याची खरेदी एका दुकानात ७० युरोंच्या वर गेली तर कर परताव्याचा फॉर्म मागा, आणि विमानतळावर ती वस्तू असलेली बॅग चेक-इनला देण्याआधी कस्टमची मंजुरी घ्या.