जिवंत देखाव्यात कलाकार एअर सिलिंडरवर वर आणायचा असेल, तर आधी हे बघा

देखाव्यात देवी स्टेजच्या खालून प्रकट होणार असं ठरलं, की एअर सिलिंडरचा, म्हणजे दाबाच्या हवेने रॉड बाहेर ढकलणाऱ्या नळकांड्याचा, विषय निघतोच. प्रकार चांगला आहे. तेल गळत नाही, वजनाला हलका आणि माणूस दोन-तीन सेकंदांत वर येतो. पण तो जो पाट (उभं राहायची फळी) वर ढकलतो, त्यावर आपलाच कार्यकर्ता उभा राहणार आहे, म्हणून गणपतीच्या निदान महिनाभर आधी कामाला लागा.

सुरुवात वजनापासून. कलाकाराला मुकुट, दागिने, त्रिशूळ, नऊवारी सगळ्यासकट काट्यावर उभं करा. अंदाज चालणार नाही. त्यात पाटाचं वजन मिळवा. समजा माणूस ६० आणि पाट ४०, असे १०० किलो झाले. ६३ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बार दाबाला कागदावर साधारण १९० किलो उचलतो, ८० मिमीचा ३०० च्या आसपास. घर्षण आणि लांब पाइपातली घट धरली तर मी ८० चाच घेईन. सिलिंडरने फक्त ढकलायचं. पाट सरळ ठेवायचं काम बाजूच्या गाईडचं, म्हणजे पाट ज्यांच्यावरून सरकतो त्या उभ्या दांड्यांचं. रॉडवर आडवा जोर आला की सील (हवा अडवणारी कडी) जातं आणि स्ट्रोक (रॉडची धाव) लांब असेल तर रॉड वाकतो. मांडव रस्त्यावर असतो, त्यामुळे खालची फ्रेम लेव्हल बॉटल लावूनच बसवा, नाहीतर गाईड अडकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हवा दबते आणि फुगते. वर सांगितलेला पाट ६० सेंमीवर हवेच्या जोरावर थांबवलात आणि कलाकार उतरला, तर आत कोंडलेली हवा फुगून रिकामा पाट थेट मीटरभर उंच जायला बघते. उलट त्यावर दुसरा कुणी चढला तर पाट खाली बसतो. म्हणून अधल्यामधल्या उंचीवर कलाकाराला कधीच थांबवू नका. वर पाट पक्क्या स्टॉपरला टेकला पाहिजे आणि पाटाखाली दोन्ही बाजूंनी लोखंडी पिना सरकल्या पाहिजेत. दोन्ही पिना बसल्यावरच लागेल असा छोटा हिरवा दिवा कलाकाराला दिसेल तिथे लावा. तो लागल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

पाइप निसटला तर काय, हेही आधीच बघा. पायलट चेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमधली हवा कोंडून धरणारा आणि इशाऱ्याची हवा मिळाली तरच सोडणारा) थेट सिलिंडरच्या पोर्टवर, म्हणजे हवेच्या तोंडावर, बसवा. लांब, पॅनेलजवळ लावला तर मधला पाइप फाटल्यावर त्याचा काही उपयोग नाही. वेग दोन्ही बाजूंना बाहेर जाणाऱ्या हवेवर फ्लो कंट्रोल (हवेचा प्रवाह कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह) लावून बांधा. फार हळू केलात तर पाट अडखळत, धक्के देत चढतो. वीज गेली तरी कलाकाराला खाली आणता यावं म्हणून हाताने हवा सोडायचा व्हॉल्व्ह हवाच आणि तो कुठे आहे ते किमान दोघांना माहीत हवं.

भाद्रपदात पाऊस असतो, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. रोज संध्याकाळी पहिल्या शोआधी टाकीचा नळ उघडून ते काढा. कॉम्प्रेसर मांडवापासून दूर ठेवा आणि एक्झॉस्टला सायलेन्सर लावा, नाहीतर निवेदनाच्या ऐन वाक्यात फुस्स आवाज येतो.

स्टेजच्या भोकाची कड आणि वर येणारा पाट यांच्यामध्ये बोट चिमटतं, पदर अडकतो. पाटाच्या चारही बाजूंना खालपर्यंत गुळगुळीत प्लायवूड लावा, म्हणजे पाट वर गेल्यावर खाली कुणाचा हातही जाणार नाही. पदर, शेला, मोकळे केस पिनांनी अंगाशी बांधा. हात छातीशी, नजर समोर, गुडघे किंचित सैल असं उभं राहायची सवय कलाकाराला करून द्या. लहान मुलांना या पाटावर चढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिले काही दिवस फक्त वाळूच्या गोण्या चढवा, ठरलेल्या वजनाच्या सव्वापट. भरलेल्या पाटाखालची हवा मुद्दाम सोडून पिना धरतात का ते बघा. मग कलाकार साध्या कपड्यांत, शेवटी पूर्ण वेशात. पाट वर-खाली करायचा लिव्हर दहाही दिवस एकाच माणसाच्या हातात द्या. त्याला पाट डोळ्यांनी दिसला पाहिजे आणि खाली उभ्या असलेल्या सोबत्याने ‘मोकळं’ म्हटल्याशिवाय त्याने लिव्हर ओढायचा नाही.

दुरुस्तीसाठी पाटाखाली जायचं असेल तर आधी पाटाला लोखंडी टेकू लावा, मग सिलिंडरमधली हवा पूर्ण सोडा. कॉम्प्रेसर बंद केला तरी चेक व्हॉल्व्हमागे हवा कोंडलेलीच असते. गेजचा काटा शून्यावर दिसला तरी सिलिंडरवरचा स्क्रू सैल करून ती गेल्याची खात्री करा आणि मगच पान्याला हात घाला.