वकट, लेंड, मुंड: लहान मुलांना घरबसल्या भाषांची ओळख कशी करून द्यावी

दोन वर्षांपूर्वी मी मुलांसाठी 'वीस भाषांत नमस्कार' असा कार्डांचा एक महागडा संच आणला. चौथ्या दिवशी धाकटीने त्या कार्डांचं गाड्यांसाठी गॅरेज बांधलं. छान उभं राहिलं होतं, भिंती ताठ होत्या. भाषा मात्र एकही पोटात गेली नाही.

माझं स्वतःचं लहानपण सोलापूरचं. तिथे गल्लीत मराठी, पलीकडच्या आळीत कन्नड, पूर्व भागात विणकरांच्या घरी तेलुगू आणि बाजारात दखनी ढंगाची उर्दू. आम्हाला कुणी कार्डं दाखवली नव्हती. भाजीवाली गिऱ्हाईक बघून भाषा बदलायची आणि आम्ही पिशवी धरून ऐकत असायचो. आता फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांना ती गल्ली मिळत नाही. पण घरात शोधलं तर बरंच सापडतं. खाली दिलेले उद्योग साधारण 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी आहेत. सामान असं: एक नोट, टिकल्यांची दोन-तीन पाकिटं, लाटणं, जुने मोजे, आप्पेपात्र आणि केळीचं पान.

सुरू करण्याआधी एक नियम मोठ्यांसाठी. घरात 'यंडूगुंडू' हा शब्द बंद. दाक्षिणात्य भाषा कानावर पडली की आपल्याकडे सर्रास असं म्हणतात, आणि मूल तो सूर लगेच उचलतं. तो सूर लागला की पुढचे सगळे खेळ वाया जातात.

1. नोट उलटी करा

कुठलीही नोट घ्या. दहाची तपकिरी मिळाली तर उत्तम. पुढच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी असते, मागे पंधरा भाषांची उतरंड. 'दहा रुपये' कुठे लिहिलंय ते मुलाला शोधायला लावा. ओळी इंग्रजी नावांच्या क्रमाने लावलेल्या असल्यामुळे मराठी आठवी येते, म्हणजे बरोबर मधोमध, वर सात आणि खाली सात. मुलांना याचं कोण कौतुक वाटतं!

मग एकेक कामगिरी द्या. आपल्याच अक्षरांतल्या आणखी तीन ओळी शोध: कोंकणी, नेपाळी, संस्कृत. कोंकणीत 'धा रुपया' लिहिलेलं असतं, ते पाच-सहा वर्षांचं मूल स्वतः वाचू शकतं. जुळ्या बहिणी शोध: पहिल्या दोन ओळी, असमिया आणि बांगला. उजवीकडून वाचायच्या दोन ओळी शोध: काश्मिरी आणि उर्दू. टोपी काढून ठेवलेली ओळ शोध: ती गुजराती, तिच्या अक्षरांवर आडवी रेघ नाही. वाचता न येणाऱ्या मुलालाही हे जमतं, कारण खेळ नजरेचा आहे.

मोठ्या भावंडाला आणखी एक सांगता येईल. बांगला, असमिया आणि ओडिया या तीन भाषा नोटेवर रुपयाला रुपया म्हणतच नाहीत, 'टका', 'टाका' किंवा 'टंका' म्हणतात. मग दहाच्या नोटेवरचं कोणार्कचं चाक आणि विसाच्या नोटेवरचं वेरूळ दाखवा. दहा मिनिटांत पुरे करा. मुलाने नोट चुरगळायच्या आत.

2. घरभर टिकल्या लावा

हा खेळ पावसाळी दुपारचा. लाल टिकली पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दाला, हिरवी फारसी-अरबीला, पिवळी कन्नडला. वस्तूचं नाव घ्यायचं आणि मुलाने टिकली चिकटवायची.

लाल: बटाटा, पाव, काजू, अननस, बादली, चावी. हिरवी: दरवाजा, कागद, रुमाल, खुर्ची. पिवळी: तुपाची बरणी. आणि घरात कुणी अण्णा किंवा अक्का असतील तर पिवळी टिकली थेट त्यांच्या कपाळावर. चहाच्या डब्याला वेगळा रंग, तो शब्द चीनचा. खाली उभ्या असलेल्या रिक्षाला टिकली लावायला आमचा थोरला धावतच गेला, कारण रिक्षा हा शब्द जपानी आहे हे त्याला खरंच वाटेना. रिक्षावाले काकाही चकित झाले.

पावाची गोष्ट जरूर सांगा. पोर्तुगीज लोक जपानलाही गेले होते, त्यामुळे जपानी मूलही पावाला 'पान' म्हणतं. म्हणजे वडापाव खाताना आपण अर्धा शब्द लिस्बनचा खातो.

मूल परदेशात वाढत असेल तर हा खेळ उलटा खेळा: आपल्याकडून तिकडे काय गेलं? इंग्रजीतला 'मंगूस' हा आपला मुंगूस. आपल्या आजीच्या अंगणातला प्राणी वर्गातल्या पुस्तकात नाव बदलून बसलाय, हे शाळेत सांगायला मिळालं की मुलाची छाती फुगते.

3. वकट-लेंड खेळा

माझा सगळ्यात आवडता खेळ हा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विटीदांडूत विटी लांब मारली की गलीपासून, म्हणजे जमिनीतल्या खाचेपासून, तिथपर्यंतचं अंतर दांडूने मोजतात. आपल्याकडे अनेक गावांत हे मोजणं एक, दोन, तीन असं होत नाही. वकट, लेंड, मुंड, नाल असं होतं. ज्या शब्दावर मोजणी संपेल त्यावरून पुढची विटी कशी मारायची ते ठरतं, पावलावर ठेवून की मुठीवर ठेवून. पुढचे शब्द गावोगावी बदलतात. आमच्याकडे शेवट 'झकू'वर व्हायचा आणि झकू आला की ओरडाओरड.

आता तेलुगू अंक बघा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. वकट, लेंड, मुंड, नाल! एक ते चार जसेच्या तसे. ज्या भाषेला आपण यंडूगुंडू म्हणून हसतो, तिच्यात मोजून आपल्या कित्येक पिढ्यांनी डाव जिंकलेत. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते आणि सोलापुरात वाढूनही कधी डोक्यात आलं नव्हतं, याची थोडी लाजच वाटली.

खरी विटी लहान मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्याला लागते. घरात असं खेळा:

मोज्यांचा जोड गुंडाळून घट्ट गोळा करा. हॉलमध्ये खडूने किंवा चिकटपट्टीने एक रेघ आखा. मुलाने रेघेवरून मोजा फेकायचा. मग लाटणं टेकवत टेकवत अंतर मोजायचं, आणि प्रत्येक लाटण्याला मोठ्याने शब्द म्हणायचा: वकट, लेंड, मुंड, नाल. चारपुढे गेलं तर पुन्हा वकटपासून. नालवर संपलं की एक फेक जास्तीची.

दोन-तीन दिवस असं खेळलं की शब्द तोंडात बसतात. मग एक दिवस 'आज तेलुगूत मोजायचं' म्हणा. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मूल लगेच थांबतं आणि म्हणतं, 'हे तर तेच आहे!' ते त्याच्या तोंडून येऊ द्या, आपण आधी फोडू नका. त्यानंतर आठवड्याला एक भाषा घ्या. तमिळ: ओण्णु, रेंडु, मूणु, नालु. कन्नड: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. गुजराती: एक, बे, त्रण, चार. चारच अंक. दहापर्यंत नेलं की त्याचा अभ्यास होतो आणि मोजा सोफ्याखाली जातो.

4. आप्पेपात्र तापवा

एक वाटी बारीक रवा, अर्धी वाटी दही, मीठ आणि लागेल तसं पाणी घालून पीठ भिजवा, इडलीच्या पिठाइतकं सरसरीत. वीस मिनिटं झाकून ठेवा. मग बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि अगदी शेवटी चिमूटभर सोडा. पीठ ढवळणं आणि खळग्यात चमच्याने तेलाचे थेंब टाकणं मुलांकडे, पण पात्र गॅसवर ठेवायच्या आधी. पुढचं आपण करायचं.

पात्रातल्या चार खळग्यांना एकेक नाव द्या. मराठीत आप्पे. कन्नडमध्ये पड्डू. तमिळमध्ये कुळि पणियारम, तेलुगूत गुंत पोंगनालु. कुळि म्हणजे खळगा आणि गुंत म्हणजेही खळगा, हे बोट घालून दाखवा (गार पात्रात!). कुळिमधला ळ आपल्या ळसारखा नाही, जीभ आणखी मागे वळवून म्हणायचा. 'तमिळ' या नावातही तोच आहे. मुलांना तो मोठ्यांपेक्षा लवकर जमतो, आणि आपली फजिती बघून ती खूश होतात.

असंच खळग्यांचं पात्र जपानमध्ये असतं. ओसाका शहरात त्यात ऑक्टोपसचा तुकडा घालून ताकोयाकी करतात. आमच्याकडे हे ऐकून धाकटीने आपला आप्पा फोडून आत नीट तपासला.

पाडव्याला असंच एक सोपं काम आहे. आपण गुढी उभारून कडुनिंब खातो त्याच दिवशी कर्नाटकात आणि आंध्र-तेलंगणात युगादी असते. कन्नड घरांत 'बेवु-बेल्ल' देतात, म्हणजे कडुनिंब आणि गूळ. एका ताटलीत दोन्ही ठेवा आणि तोंड वाकडं करताना दोन्ही नावं घ्या.

5. केळीच्या पानावर लिहून बघा

ओडिया अक्षरं इतकी गोल का, असं नोट बघताना मूल विचारेलच. पूर्वी ताडाच्या पानावर लोखंडी लेखणीने अक्षरं कोरत. आडवी सरळ रेघ ओढली तर पान शिरेवर फाटायचं, म्हणून अक्षरं वळणदार झाली असं सांगतात. सांगण्यापेक्षा करून बघणं बरं. केळीच्या पानाचा तुकडा आणि टूथपिक द्या. शिरेच्या दिशेने रेघ ओढली की पान चिरतं. मग गोल काढायला सांगा.

त्यानंतर स्वतःचं नाव. फोनच्या कीबोर्डला एखादी भाषा जोडा, मुलाचं नाव त्या लिपीत मोठ्या आकारात काढा आणि कागदावर गिरवायला द्या. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे गायत्री आणि कमल या दोघींची नावं तिथे एकाच अक्षराने सुरू होतात. अशी जोडी वर्गात असेल तर मुलांना भारी मजा वाटते.

6. शेजारी तीन शब्द मागायला जा

मोठा कार्यक्रम नको. वाटीत काहीतरी घेऊन जा आणि तीनच शब्द विचारा: 'ये', 'पुरे' आणि 'पाणी'. जेवायला गेलेल्या मुलाला एवढेच लागतात. तेलुगूत रा, चालु, नीळ्ळु. कन्नडमध्ये बा, साकु, नीरु. गुजरातीत आव, बस, पाणी. शेजारी मालवणी असतील तर मालवणी विचारा, अहिराणी असतील तर अहिराणी. 'आहे'ला 'शे' म्हणणारी माणसं महाराष्ट्रातच राहतात, हे ऐकून शहरातल्या मुलाचे डोळे ताकोयाकीपेक्षा मोठे होतात. आपली आजी वऱ्हाडी बोलत असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करा आणि तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

मुलाला तिथे 'म्हणून दाखव बरं' असं म्हणू नका. ते घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी आपोआप म्हणतं.

7. भोंडल्याची खिरापत बदला

आश्विनात आपल्याकडे पाटावर हत्ती मांडून त्याभोवती फेर धरतात. त्याच दिवसांत गुजरातेत दिवा ठेवलेल्या घटाभोवती गरबा असतो आणि तेलंगणात फुलांची उतरंड रचून तिच्याभोवती बतुकम्मा. सोसायटीत एका संध्याकाळी तिन्ही लहान प्रमाणात करता येतात: पाटावर हत्ती, शेजारी घट, पलीकडे ताटात झेंडूचा ढीग. मुलांनी तिन्हींभोवती एकेक फेर धरायचा. खिरापत ओळखायच्या वेळी डब्यात सुंदल ठेवा, म्हणजे हरभरे उकडून वर खोबरं आणि कढीपत्त्याची फोडणी. तमिळ घरांत नवरात्रात बाहुल्यांच्या गोलूपुढे हेच वाटतात. 'गोड की तिखट' विचारून विचारून पोरं थकतात, पण नाव निघत नाही. गेल्या वर्षी आमच्या डब्याला बावीस चुकीची उत्तरं आली.

मूल एखाद्या दिवशी नको म्हणालं तर सोडून द्या. भाषांची सरमिसळ करून बोललं तरी दुरुस्त करत बसू नका. आमची धाकटी महिनाभर 'एक, रेंडु, त्रण' असंच मोजत होती.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक तेलुगू आजी राहतात. मे महिन्यात त्या वाटी परत द्यायला आल्या तेव्हा हॉलमध्ये मोज्याची फेक चालू होती आणि लाटणं जमिनीवर होतं. 'वकट, लेंड, मुंड...' त्या दारातच थांबल्या. 'हे तुला कोणी शिकवलं?' त्यांनी धाकटीला विचारलं. 'आईच्या गावाचं आहे,' ती म्हणाली. आजींनी चप्पल काढली, वाटी माझ्या हातात दिली आणि मोजा उचलला. फेक थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. मोजून द्यायला पोरं लाटणं घेऊन धावली आणि नालच्या पुढे अडली, कारण घरात चारपर्यंतच नियम होता. 'ऐदु,' आजी म्हणाल्या, 'आरु. मोज पुढे.'