दातांच्या तातडीच्या प्रसंगासाठी घरची तयारी

आपल्या दंतवैद्यांचा क्रमांक, ते गावाला गेले असताना ज्यांच्याकडे पाठवतात त्यांचा क्रमांक आणि रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी रुग्ण घेणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचे नाव, एवढे आधी एका कागदावर लिहून तो सर्वांना दिसेल असा लावावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. तेथील वेळा आजच विचारून ठेवाव्यात. घरात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोण घेते, मधुमेह कोणाला आहे आणि कोणते औषध कोणाला सोसत नाही, हेही त्याच कागदावर असावे.

त्यानंतर एका छोट्या डब्यात निर्जंतुक गॉझ, हातमोजे, सलाइनची बाटली, घट्ट झाकणाची स्वच्छ डबी, टॉर्च, पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि लवंग तेलाची कुपी ठेवावी. मुलांच्या दातांना तारा बसवल्या असतील, तर टोचणाऱ्या तारेवर लावायचे मेण दंतवैद्यांकडून मागून घ्यावे. फ्रिजमध्ये दूध असतेच, आणि या यादीत ते औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

कारण मिनिटांचा हिशेब खऱ्या अर्थाने लागतो तो कायमचा दात मुळासकट निखळून पडल्यावर. असा दात वरच्या पांढऱ्या भागाला धरूनच उचलावा. मुळाला हात लावू नये, ते घासू नये, पुसू नये, कारण मुळावरच्या नाजूक पेशी जिवंत राहिल्या तरच दात पुन्हा रुजण्याची आशा असते. माती लागली असेल तर दूध किंवा सलाइनने, तेही नसल्यास नळाच्या पाण्याने, दहा सेकंदांहून अधिक नाही, इतकेच धुवावे, आणि जखमी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर असेल तर दात दिशा पाहून त्याच खाचेत हलकेच बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. हे धाडस सर्वांना होत नाही. न झाल्यास दात दुधात बुडवून डबीत ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्यांकडे पोहोचावे. साध्या पाण्यात मात्र तो ठेवू नये, कारण त्यात त्या पेशी फुगून मरतात. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो, त्याने खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. साधारण सहा-सात वर्षांच्या मुलांत दोन्ही प्रकारचे दात असतात, म्हणून शंका असेल तर दात दुधात घालून सोबत न्यावा. जखमेत माती गेली असल्यास धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारावे.

दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर गॉझची घडी जखमेवर ठेवून अर्धा तास घट्ट चावून धरावी. थांबले की नाही हे पाहण्यासाठी ती मध्येच उचलण्याचा मोह टाळावा, चूळ भरू नये, थुंकत राहू नये. एवढ्यानेही थांबले नाही तर थेट रुग्णालय गाठावे.

ठणक्यासाठी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात आणि दातांत अडकलेला घास दोऱ्याने अलगद काढावा. प्रौढांनी पॅरासिटामॉल पाकिटावरील प्रमाणातच घ्यावे. मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेली बरी. लवंग तेलाचा एखादा थेंब कापसावर घेऊन फक्त किडलेल्या दातात टेकवावा, हिरडीवर सांडल्यास ती पोळते आणि लहान मुलांना ते लावूच नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून धरणे आणि दुखऱ्या दाताला मशेरी किंवा तंबाखू लावणे हे दोन्ही उपाय आपल्याकडे अजूनही सुचवले जातात. पहिल्याने तोंडात व्रण पडतो आणि दुसऱ्याने व्यसन पक्के होते. मागच्या आजारातील उरलेली अँटिबायोटिक्स तर डब्यात ठेवूच नयेत.

गाल सुजला तर बाहेरून थंड शेक द्यावा, गरम नव्हे. पण सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे पसरू लागली, ताप आला, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. 108 ला फोन करावा. खालच्या जबड्यातील दुखण्यासोबत छातीत दडपण आणि घाम असेल, तर तो दात नसून हृदय असू शकते, तेव्हाही हाच क्रमांक.

निघालेली कॅप डबीत घालून सोबत न्यावी, घरातील फेव्हिक्विक तिला लावू नये; दाताचा तुटलेला तुकडाही जपावा, तो बऱ्याचदा पुन्हा चिकटवता येतो. निघताना घेतलेल्या गोळीचे नाव आणि वेळ कागदावर टिपावी आणि जुने एक्स-रे असल्यास पिशवीत टाकावेत.