गावातली जुनी ठिकाणं दाखवणारा हेरिटेज वॉक काढायचाय? वाईचं उदाहरण घेऊन सांगते

पहिलं म्हणजे रूट लहान ठेवा. वाईचंच बघा ना, सात घाट, देवळं, वाडे, विश्वकोशाचं ऑफिस, वर पांडवगड, सगळंच दाखवावंसं वाटतं आणि मग तीन तास लोक नुसते चालत राहतात, धड बघून काहीच होत नाही. दोन तास, पाच-सहा थांबे, वीसच्या आत माणसं. बास.

आता ढोल्या गणपतीचा थांबा कसा घ्यायचा ते सांगते. सगळे समोरून दर्शन घेऊन निघतात, तुम्ही लोकांना आधी देवळाच्या मागे न्या, मागची भिंत बघायला सांगा आणि दोन मिनिटं स्वतः काही बोलू नका. कोणीतरी विचारतंच, भिंत अशी टोकदार का? मग सांगा, कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून ती माशाच्या आकाराची बांधलीये. यानंतर देऊळ बांधल्याचं १७६२ साल आणि ते बांधणारे गणपतराव रास्ते सांगितले की बरोबर डोक्यात राहतात. सुरुवातीलाच सनावळी सुरू केली तर लोक मोबाइल काढतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

निसर्गासाठी वेगळं कुठे जायची गरजच नाही. सकाळी सातच्या आत घाटावर पोचा, खंड्या, वंचक, धोबी असे पक्षी पाण्याजवळ दिसतात, एक-दोन दुर्बिणी आळीपाळीने फिरवा. पायऱ्यांच्या काळ्या दगडावर हात फिरवायला लावा, तो बेसाल्ट आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि समोरचे डोंगरही त्याचेच. लहान मुलं हे ऐकून डोंगराकडे ज्या नजरेने बघतात ना, त्यासाठी तरी हा थांबा ठेवाच!

साहित्याचा भाग लोक टाळतात, कंटाळवाणा होईल म्हणून. पण वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्राज्ञपाठशाळेत शिकले आणि पुढे इथूनच मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, हे सोडून कसं चालेल. विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो, कृष्णा नदीची नोंद आदल्या रात्री काढून ठेवा आणि त्यातली चार वाक्यं घाटावर बसून मोठ्यांदा वाचा. नदी समोर असताना ते ऐकायला फार छान वाटतं.

दंतकथा जरूर सांगा, फक्त दंतकथा म्हणूनच सांगा. वाई म्हणजे विराटनगरी, पांडव इथे राहिले, ही आख्यायिका आहे असं स्पष्ट म्हणायचं. साल किंवा नाव पक्कं नसेल तर गाळा, जुनं सातारा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, चाळलं तर बरंच पक्कं मिळतं.

वॉकला जोडून व्याख्यान ठेवणार असाल तर त्याच दिवशी संध्याकाळी ठेवा, सकाळचं बघितलेलं ताजं असतं म्हणून प्रश्न चांगले येतात. वक्त्याला चाळीस मिनिटं, पुढे प्रश्न. दरवेळी प्राध्यापकच हवेत असं नाही, कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या उत्सवात वर्षानुवर्षं राबलेल्या एखाद्या आजींना बोलवा, त्यांना भाषण करायला लावू नका, शेजारी बसून एकेक विचारत जा, त्या भरभरून बोलतात.

बाकी तयारी म्हणजे आदल्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला रूट चालून बघा. गुरुजींना आणि वाडेवाल्यांना आधी विचारा. टॉयलेट कुठे आहे ते बघून ठेवा, याच्यावरून बायका यायचं की नाही ठरवतात. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं तेव्हा घाट टाळा. सगळ्यात मागे आपला एक माणूस हवाच.

आणि वाईजवळचं मेणवली गाव यात कोंबू नका, त्याचा वेगळा वॉक करा. नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा, तिच्यावरचं १७०७ साल आणि मेरी-बाळ येशूचं चित्र प्रत्येकाला जवळून बघता यायला हवं, तेवढ्यालाच अर्धा तास जातो.