सायट्रान्सचा मिक्स करताना बेस कसा सांभाळायचा

सायट्रान्स म्हणजे नाचायचं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत, त्याचे बरेचसे ट्रॅक १३८ ते १४८ बीपीएममध्ये (मिनिटाला इतके ठोके) बसतात त्यामुळे टेम्पो जुळवणं एवढं अवघड नाहीये, खरा घोळ होतो बेसचा. दोन ट्रॅकचे किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस एकदम वाजले की सगळा नुसता चिखल. म्हणून नवीन ट्रॅकचा लो ईक्यू (खालचा, जड आवाज कमी-जास्त करणारा नॉब) आधी पूर्ण खाली करा, हेडफोनमध्ये बीट जुळवा, मग फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर घ्या आणि जुन्याची फ्रेज (ट्रॅकचा एक पूर्ण तुकडा) संपली की पुढच्या पहिल्या बीटवरच जुन्याचा लो खाली नि नव्याचा वर, एकाच झटक्यात!

फ्रेज मोजायला शिकाच. ४ बीटचा एक बार, आणि मोठे बदल बहुतेक १६ किंवा ३२ बारनंतर येतात, हे एकदा कानात बसलं ना की स्क्रीनकडे बघावं लागत नाही. बीट आपोआप जुळवणारं सिंक बटण वापरा हवं तर, पण कानाने जुळवता आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

टेम्पो ६ टक्के वाढवला तर सूर जवळपास एक सेमीटोन (अर्धा स्वर) चढतो, तेव्हा की-लॉक (टेम्पो बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) चालू ठेवा.

आणि जुना गोवा ट्रान्स (सायट्रान्सचं आधीचं रूप) घेताना घाई नको. ९०च्या दशकात गोव्यात हणजूणला डीजे लोक डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवायचे, त्यावर बीट जुळवणं जमायचं नाही, मग एकाचा शेवट विरत असताना दुसऱ्याची संथ सुरुवात सोडायचे. त्या ट्रॅकना तसंच मिक्स करा, फार भारी वाटतं.