सत्कार करायचाय? आधी वही काढा

आमच्या चर्चच्या मंडळीत सत्कार म्हटला की शाल, गुच्छ, पाळकसाहेबांचे चार शब्द आणि पायऱ्यांवर फोटो. इमारत कमिटीच्या माणसांना एवढं पुरतं. पण अडचणीतल्या मुलांसाठी धावपळ करणाऱ्यांचा मान करायचा तर तयारी वेगळी लागते. महिला संघाची चिटणीस म्हणून हे काम माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून सांगते.

आधी कोण काय करतं ते शोधा. कमिटीला विचाराल तर संडेस्कूलच्या बाई आणि माइकवर बोलणारे दोघे, एवढीच नावं मिळतील. त्यापेक्षा मुलांना सांभाळणाऱ्या आज्या-मावश्यांना विचारा. अशा मुलांबाबत निर्णय देणाऱ्या सरकारी बाल कल्याण समितीपुढे जायचं होतं तेव्हा बरोबर कोण आलं? शाळेचा बोनाफाईड कोणी आणून दिला? बापाचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, हे सगळं जमवून सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज कोणी भरला? मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, पण कागदांच्या दगदगीला कंटाळून कित्येक घरं अर्जच करत नाहीत. उत्तरं वहीत लिहून घ्या. भाडं न घेता सोडणारे रिक्षावाले काका अशा वहीतच सापडतात.

मग त्या माणसांना विचारा, पुढे यायला आवडेल का? रिक्षावाले काका बहुतेक हात जोडतील. त्यांना ओढू नका, घरी जाऊन भेटा.

आता मानपत्र. ‘निःस्वार्थ सेवा’, ‘प्रभूने निवडलेले पात्र’ ही वाक्यं कोणालाही चिकटतात, काढून टाका. काय केलं ते लिहा: ‘जूनमध्ये शाळाप्रवेशांसाठी सुट्टी टाकून फिरल्या’, ‘संध्याकाळी आपल्या ओट्यावर गणितं सोडवून घेतात’. काम जितकं नेमकं लिहाल, तितकंच मूल झाकलेलं राहू द्या. नाव नाही, वस्ती नाही, शाळा नाही, ‘आई गेली तेव्हा’ वगैरे काहीच नाही. आपली मंडळी लहान. एवढ्या खुणेवरून मागच्या बाकावरची बाईसुद्धा पोर ओळखते. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात कोणी सहाय्यक व्यक्ती म्हणून मुलाबरोबर उभं राहत असेल, तर त्याचा उल्लेख स्टेजवरून अजिबात नको. त्या माणसाचे आभार बंद दाराआड माना.

हे नुसतं माझं मत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मुलांना स्टेजवर बोलावून ‘ताईंना फूल द्या’ असं करायचं नाही. पाठमोरा फोटो चालेल ना, असं तरुण संघाची पोरं हमखास विचारतात. नाही चालत. गणवेश दिसला की शाळा कळली. फोटो फक्त मोठ्यांचे, आणि तेही विचारून.

तारखेचं म्हणाल तर १४ नोव्हेंबर सगळ्यांना सुचतो, पण तो दिवाळीच्या आगेमागे येतो, माणसं गावी असतात. डिसेंबर नाताळाचा. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेची गर्दी. मी जुलैचा शेवटचा रविवार धरते. प्रवेशांची धावपळ संपलेली असते. पाऊस असतो, असू दे.

उपासनेत बायबलमधलं याकोबाचं पत्र १:२७ वाचा, अनाथांचा समाचार घ्या असं सांगणारं, आणि दोन मिनिटं नाशिकच्या शरणपूरबद्दल बोला. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये वाढली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला. पण त्या मुलांना रोज जेवू घालणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? हा प्रश्न विचारा आणि लगेच मानपत्रं वाचायला घ्या. पाहुण्यांची भाषणं नकोत.

भेट काय द्यायची? शाली कपाटात पडून राहतात. सिटीलिंक बसचा महिन्याचा पास, झेरॉक्स आणि रिचार्जचे पैसे पाकिटात घालून द्या, आणि खजिनदाराकडून पुढच्या वर्षीसाठी तेवढी तरतूद मंजूर करून घ्या. त्याहून मोठी भेट म्हणजे सुट्टी. ऑगस्टभर त्यांच्या फेऱ्या दुसरं कोणी करेल असं आधीच ठरवा, आणि त्या बदली माणसाची पोलीस पडताळणी झाल्याशिवाय त्याला मुलांकडे पाठवू नका, मग तो पाळकसाहेबांचा भाचा का असेना.

घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. बाई कचेरीत ताटकळते तेव्हा घरी पोळ्या कोणीतरी लाटलेल्या असतात. उपासनेनंतर मिसळ ठेवा, आणि त्या दिवशी वाढायचं काम कमिटीच्या पुरुषांकडे द्या. सत्कारमूर्तींनी ताटं उचलायला धाव घेतली तर त्यांना खुर्चीत बसवायला एक खमकी बाई नेमून ठेवा. आमच्याकडे ती मीच असते.